कोपऱ्यापासून सातवं दार

माझ्या सासऱ्यांनी माझ्या कामात पहिली चूक काढली ती एका बाबागाडीवरून.

दोह्यातल्या अल मुंतझाच्या आमच्या फ्लॅटमध्ये मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. दुपारची झोप झालेली, चहा व्हायचा होता. कागद म्हणजे जुन्या फोटोंच्या झेरॉक्स. एकीत तीन पोरी गोदीच्या उंच भिंतीलगत बाबागाडी ढकलत चालल्या होत्या. अंगावर मोठ्या माणसांचे कोट, पायांत काही नाही. त्याखाली मी पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘धाकट्या भावंडाला फिरवायला नेणाऱ्या मुली.’

बाबा पाणी प्यायला आले आणि माझ्या खांद्यावरून वाकून बघत राहिले.

“काय लिवलंस?”

मी इंग्रजीचं मराठी करून सांगितलं.

“बाळ नाय त्यात. कोळसां हाय.”

“कशावरून?”

“चाकां बग. बाळाच्या वजनान चाकां अशी फाकतत?” त्यांनी बोटाचं नख कागदावर टेकवलं. “गोदीच्या फाटकातना कोळशाचे गाडे निगतत. खाली सांडलेला पोरांनी येचायचा नि घरी न्यायचा. मधल्या पोरीचे हात बग.”

मी भिंग घेऊन पाहिलं. मधल्या पोरीचे हात मनगटापर्यंत काळे होते. मला ती सावली वाटली होती.

बाबांनी पाणी प्यायलं, ग्लास विसळून पालथा घातला आणि खोलीत निघून गेले. आमच्याकडे येऊन त्यांना दोन महिने झाले होते. एवढं सलग ते त्या दिवशी पहिल्यांदा बोलले.

सासूबाई गेल्या त्या वर्षी. गावी, रत्नागिरीजवळ, घरात दीर-जाऊ असूनही बाबा एकटे पडले, म्हणून माझ्या नवऱ्यानं त्यांना व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. नवरा इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर. सकाळी सहाला जायचा, संध्याकाळी सातला यायचा. मुलगी पहिलीत होती. तिला आमची भाषा सगळी समजायची, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आजोबांनी “भूक लागली गो?” विचारलं की ही “नॉट नाऊ” म्हणून पळायची. बाबा पाच वेळा मशिदीत जाऊन यायचे आणि उरलेल्या वेळात बाल्कनीत खुर्ची टाकून खालच्या गाड्या बघत बसायचे. त्यांचा डावा पाय थोडा ओढत पडायचा. तरुणपणी जहाजावर खलाशी होते तेव्हा पडले होते, एवढंच घरात सगळ्यांना माहीत. कुठे, कसे, कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

माझं काम तसं नवीन होतं. लग्न होऊन ९८ साली मी इथे आले तेव्हा बी.कॉम. आणि कॉम्प्युटरचा एक कोर्स एवढी माझी पुंजी. ऑफिसात नोकरी धरायची तर मुलीला बघायला कुणी नाही. मग एकदा सुपरमार्केटच्या फळ्यावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी दिसली : ‘जुने फोटो स्कॅन करायला आणि नोंदी टाइप करायला मदत हवी. सकाळचे तीन तास. शांत स्वभाव, स्वच्छ हात.’ शांत स्वभावाची खात्री नव्हती, पण हात स्वच्छ होते. फोन केला.

चिठ्ठी लिहिणाऱ्या बाई आयर्लंडच्या. वय सत्तरीच्या आसपास. नवरा गॅसच्या प्रकल्पावर सल्लागार, त्यामुळे कंपाउंडमधल्या व्हिलात राहायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे. आधी त्यांना ते आवडलं नाही, मग सवय झाली. त्यांचे वडील आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या एका बंदराच्या गावात औषधांचं दुकान चालवायचे आणि मोकळ्या वेळात फोटो काढायचे. पुढे ते कुटुंब इंग्लंडला लिव्हरपूलला गेलं, तिथेही गोदीजवळ त्यांनी दुकान काढलं आणि फोटोही चालूच ठेवले. राजेरजवाडे, समारंभ काही नाही. धुणी, बाजार, जाळी, रांगा, पावसात थांबलेली माणसं, शाळेतून सुटलेली पोरं. दोन ट्रंका भरून फोटो आणि काचेच्या निगेटिव्ह्ज. मॅडमना हे सगळं नीट लावून त्यांच्या गावच्या संग्रहालयाला द्यायचं होतं. पण त्यांच्या हातांना कंप होता. काचेची एक निगेटिव्ह त्यांच्या हातून फुटली होती आणि त्यानंतर त्यांनी दुसरीला हात लावला नव्हता.

मग हात माझे आणि आठवणी त्यांच्या, असं ते काम सुरू झालं. पांढरे सुती मोजे घालायचे, फोटो कडेला धरून पाकिटातून काढायचा, मागे काही लिहिलंय का बघायचं, स्कॅनरवर ठेवायचा. मॅडम शेजारी बसून सांगायच्या. एका फोटोत माळावर काळ्या विटांचे ढीग रचलेले होते. मी म्हटलं, वीटभट्टी. त्या हसल्या. दलदलीतली माती कापून वाळवायची आणि थंडीत जाळायची, ते त्यांच्याकडचं सरपण. मी म्हटलं, आमच्याकडे शेणाच्या गोवऱ्या अशाच रचतात, आत वारा खेळायला जागा ठेवून. त्यांनी मला कागद दिला आणि गोवऱ्यांचा ढीग काढून दाखवायला सांगितला. माझं चित्र अगदीच वाईट आलं. त्यांनी ते फ्रिजवर लावलं.

एकदा एका खोक्याला मी हात घातला तर त्यांनी घाईनं तो बाजूला सारला. म्हणाल्या, “हे मी करीन नंतर.” आठवडाभर तो खोका तसाच कोपऱ्यात. शेवटी मीच विचारलं. त्या अवघडल्या. त्यात डुकरांच्या बाजाराचे फोटो होते. मला वाईट वाटेल म्हणून त्यांनी ते वेगळे काढून ठेवले होते.

“मॅडम,” मी म्हटलं, “फोटोतलं डुक्कर चालतं.”

त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. मग आम्ही दोघींनी मिळून एका सकाळी सगळी डुकरं संपवली.

आयर्लंडचे फोटो असे भराभर उरकले, कारण तिथलं सगळं त्यांच्या लहानपणचं. घोडं अडलं लिव्हरपूलपाशी. तिथे त्या मोजकी वर्षं राहिल्या होत्या, त्याही शाळेच्या बोर्डिंगात. गोदीतलं त्यांना काही कळत नव्हतं. म्हणून त्या झेरॉक्स मी घरी आणायचे आणि अंदाजानं काहीतरी लिहून न्यायचे.

बाबागाडीची गोष्ट मी त्यांना सांगितली. त्यांनी मूळ फोटो काढायला लावला, भिंगाखाली धरला आणि म्हणाल्या, “कोण म्हणालं हे?”

“माझे सासरे.”

“त्यांना कसं माहीत?”

त्या दिवशी घरी जाऊन मी लिव्हरपूलच्या उरलेल्या सगळ्या झेरॉक्स बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. एका फोटोत घरांच्या मागच्या बोळात दोऱ्यांवर दोऱ्या, आणि त्यांवर चादरी, बंड्या, फ्रॉक.

“हा सोमवार,” बाबा म्हणाले.

“आता हे कसं?”

“थय धुणी सोमवारी. बाकीच्या दिशी दोरी अशी भरायची नाय.”

दुसऱ्यात रस्त्यावर लोखंडी खांबांवरून रेल्वे गेलेली, खाली माणसांची गर्दी. बाबा हसले. त्यांचा तो हसरा चेहरा मी तोवर पाहिला नव्हता. “ह्या गाडीखालना चालायचां. पाऊस लागत नाय. सगळी गोदी ह्या छपराखालना कामावर जायची.”

“बाबा, तुम्ही लिव्हरपूलला होता?”

“व्हतंव.”

“किती दिवस?”

“एक थंडी,” ते म्हणाले आणि नमाजाची वेळ झाली म्हणून उठले.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी त्यांना चहाला बोलावलं. बाबा येणार नाहीत असं मला वाटलं होतं, पण त्यांनी आदल्या दिवशी सदरा इस्त्रीला दिला, दाढी कातरून घेतली. केशरी-पांढऱ्या टॅक्सीत माझ्या शेजारी ते ताठ बसले होते. दारात मॅडमनी हात पुढे केला तेव्हा क्षणभर थांबले, मग त्यांनी आपला हात छातीवर ठेवून मान लववली. “गुड मॉर्निंग, मिसेस,” असं स्वच्छ म्हणाले. मला बाबांना इंग्रजी येतं हेही ठाऊक नव्हतं. ते जहाजावरचं इंग्रजी. क्रियापदं कमी, पण अडायचं कुठेच नाही.

त्या पहिल्याच दिवशी नको तो फोटो वर आला. गोदीत बर्फ पडलेलं, आणि एका जाड दोराच्या वेटोळ्याशेजारी सात-आठ माणसं उभी. सावळे चेहरे, पातळ सुती कपडे, दोघांनी खांद्यावर पोती घेतलेली. मागच्या बाजूला मॅडमच्या वडिलांच्या वळणदार अक्षरात दोनच शब्द : ‘नेटिव्ह. हिवाळा.’

ते मी वाचून दाखवलं. मॅडमचा चेहरा लाल झाला. इतर फोटोंमागे त्या गृहस्थांनी गाढवाचंसुद्धा नाव लिहून ठेवलं होतं.

“मी हे खोडते,” मॅडम म्हणाल्या.

बाबांनी फोटो माझ्या हातून बघितला. स्वतः हात लावला नाही, मोजे घातले नव्हते म्हणून. बराच वेळ बघून मला म्हणाले, “हे आपले, बाय. टोपी बग, ही आपल्याकडचीच. नि हा कडंचा सारंग. त्याच्या गळ्यात शिट्टीची साखळी हाय.” मग मॅडमकडे वळून इंग्रजीत, सावकाश : “मिसेस, खोडू नका. तुमच्या वडलांनी लिहिलेलं ते राहू दे. खाली माझं लिहा.”

“सांगा,” मॅडम म्हणाल्या.

बाबांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं. रत्नागिरीकडचे खलाशी आणि त्यांचा सारंग, म्हणजे त्यांचा मुकादम. जहाज धक्क्याला बांधून झालं आहे. हात थंडीनं बधिर, म्हणून काखेत धरलेत. नावं माहीत नाहीत, पण प्रत्येकाला नाव होतं.

शेवटचं वाक्य टाइप करताना मॅडमनी मला थांबवलं नाही.

त्यानंतर बाबा दर मंगळवारी माझ्याबरोबर यायला लागले. मॅडम त्यांच्यासाठी घट्ट चहा करायच्या, दोन चमचे साखर. बाबा दोर, गाठी, जहाजांची निशाणं, कोणत्या पोत्यात काय, हे सांगत जायचे. मी टाइप करायचे. घरीही फरक पडला. संध्याकाळी ते नातीला घेऊन बसायचे आणि तिला दोरीच्या गाठी शिकवायचे. ती इंग्रजीत विचारायची, ते कोकणीत सांगायचे, आणि गाठ बरोबर पडायची. नवऱ्यानं एकदा दारातूनच ते बघितलं आणि बूटही न काढता तसाच उभा राहिला.

तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी एका स्वयंपाकघराचा फोटो आला. काळी लोखंडी चूल, वर किटली, छतापासून दोरीनं खाली सोडलेली लाकडी चौकट आणि तिच्यावर वाळत घातलेले मोजे. माणूस कुणी नाही. मी म्हटलं, “यात काही विशेष नाही,” आणि पाकिटात घालायला लागले.

“थांब, बाय.”

बाबांचा आवाज वेगळा लागला. मॅडमनी कप खाली ठेवला.

मग त्यांनी ते सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं आमच्या बोलीत, आणि मी मध्ये दुभाष्याचं काम करत होते.

ते तेव्हा पंचविशीच्या आत होते. लिव्हरपूलला माल उतरवताना जहाजाच्या पोटात पडले आणि पाय मोडला. इस्पितळातून सुटले तोवर जहाज निघून गेलेलं. पुढचं जहाज मिळेपर्यंत एजंटानं त्यांना गोदीजवळच्या एका घरात ठेवलं. घर एका विधवा बाईचं. तीही आयर्लंडकडचीच. बाबा तिला आंटी म्हणायचे. एजंट भाडं देत होता, तेवढ्यात खोली आणि जेवण यायचं, बाकी काही तिच्यावर बंधन नव्हतं. पहिल्या दिवशी तिनं ताटात मांस वाढलं. ते हलाल नसणार म्हणून बाबांनी हात जोडून नको म्हटलं. तिला कारण कळलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती गोदीत गेली, तिथे कुणा खलाशाला गाठून विचारून आली आणि येताना एक नवी कढई घेऊन आली. ती कढई तिनं वेगळ्या खिळ्याला टांगली. त्यात फक्त बाबांसाठी अंडी, मासे, बटाटे.

“नऊ हप्ते,” बाबा म्हणाले. “त्या कढईत तिनं दुसरां काय केलां नाय.”

पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे ते चुलीजवळ बसून असायचे. त्यांचे ओले मोजे ती त्या चौकटीवर वाळत घालायची. ती रोज सकाळी गुडघ्यांवर बसून दाराची पायरी एका दगडानं घासून पांढरी करायची. बाबा आतून बघायचे. घरी आईला पत्र पाठवायचं होतं, पण बाबांना लिहिता येत नव्हतं. ते मोडक्या इंग्रजीत सांगायचे, ती लिहायची, आणि गावी शाळामास्तर ते वाचून दाखवायचे. अशी तीन पत्रं गेली.

“मग?” मॅडमनी विचारलं.

“मग रविवार होता. आंटी चर्चला गेली. एजंटाचा माणूस गाडी घेऊन आला. जहाज आज सुटणार, आत्ता चल. मी म्हटलं, ती येईपर्यंत थांब. तो म्हणाला, नाही. मी लिहू शकत नाही. काय ठेवणार? कढई घासून खिळ्याला लावली. गेलो.”

त्यांनी पुन्हा फोटोतल्या चुलीकडे पाहिलं.

“ती आली असेल. घर रिकामं. तिला वाटलं असेल, पळाला.”

त्यानंतर त्यांचं जहाज पुन्हा कधी लिव्हरपूलला लागलं नाही. चाळीसपन्नास वर्षं त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं, सासूबाईंनासुद्धा. माझ्यासमोर रोज बाल्कनीत बसणारा हा माणूस मनात एवढं घेऊन बसला होता आणि मी त्याला फक्त चहा नेऊन देत होते.

मॅडमनी कागद ओढला. “रस्ता कुठला?”

नाव बाबांना आठवत नव्हतं. पण खलाशाचं डोकं, खुणा पक्क्या होत्या. दोन चर्च, त्यातल्या छोट्याच्या मागे. कोपऱ्यावर बूट दुरुस्त करणारा, समोर लाकडाची वखार. बूटवाल्याच्या कोपऱ्यापासून सातवं दार. आणि त्या बाईचं पहिलं नाव, त्यांना जसं ऐकू आलं होतं तसं.

मॅडमनी तिकडच्या जुन्या गोष्टी गोळा करणाऱ्या एका हौशी मंडळाला पत्र लिहिलं. त्यांचे हात कापत होते म्हणून टाइप मी केलं, सही त्यांनी केली, आणि उत्तरासाठी पत्ते दोघींचे दिले. बाबांचा व्हिसा संपायला सात आठवडे उरले होते. मी रोज नवऱ्याला विचारायचे, कारण आमची टपाल पेटी त्याच्या कंपनीतली. तो म्हणायचा, “येईल, इन्शाल्ला, यल्ला, मला जेवू दे आधी.” बाबा मात्र काही विचारत नव्हते.

शेवटी उत्तर आलं ते मॅडमकडे. त्यांनी फोन केला, पण पाकीट फोडलं नव्हतं. बाबांसमोर फोडायचं म्हणून थांबल्या होत्या.

पत्र एका निवृत्त पोस्टमननं लिहिलं होतं. खुणांवरून त्याला रस्ता ओळखता आला. पुढे ती सगळी वस्ती पाडली, आता तिथे गोदामं आहेत. पण पाडण्याआधी नगरपालिकेनं एकेका रस्त्याचे फोटो काढून ठेवले होते, कागदोपत्री नोंद म्हणून. त्या रस्त्याच्या एका बाजूच्या चार फोटोंच्या प्रती त्यानं सोबत जोडल्या होत्या.

मी ते टेबलावर एकापुढे एक लावले. पहिल्या फोटोत कोपऱ्याचं दुकान, काचेवर बुटाचं चित्र. बाबांनी मोजे घातले. आता त्यांना ते सवयीचे झाले होते. ते दारं मोजायला लागले. एक, दोन. तिसऱ्याला फळ्या ठोकलेल्या. चौथ्याच्या खिडक्या फुटलेल्या. पाच, सहा. माणसं सोडून गेली होती. आणि सातवं दार उघडं होतं. आत काळोख, आणि उंबऱ्यात एप्रन बांधलेली एक बाई. फोटो घेताना ती हलली असावी, चेहरा धुरासारखा पुसट. पण पायरी स्पष्ट होती. पूर्ण रस्त्यावर ती एकच पायरी पांढरीशुभ्र होती.

बाबांनी त्या पायरीवर बोट ठेवलं.

“ह्या त्याच आहेत का?” मी विचारलं.

“चेहरा दिसत नाय, कसां सांगू?” मग म्हणाले, “घर पाडणार म्हणून ठावं असून पायरी कोण घासतां गो?”

पत्रात पुढे होतं. त्या पोस्टमननं चर्चमध्ये चौकशी केली होती. खलाशांना ठेवणारी एक विधवा एका म्हाताऱ्या गृहस्थांना आठवत होती. नाव जुळत होतं. तिला मूलबाळ नव्हतं. घर पाडल्यावर ती बहिणीकडे राहिली आणि पुढे वारली. तिथल्याच कब्रस्तानात आहे. बाबांना ऐकू जाईल असं मी सगळं सावकाश सांगितलं. त्यांनी मान हलवली. बाई अजून जिवंत असेल अशी त्यांना आशा नव्हतीच. मलाच होती, वेडी.

त्यांनी मोजे काढून घडी करून ठेवले, डोक्यावरची टोपी नीट केली आणि तिथेच खुर्चीवर बसून दोन्ही हात उचलले. ओठ हलत होते. तिच्यासाठी अशी दुआ चालते का, असं कुणी पंडितानं किंवा मौलवीनं विचारलं असतं तर त्याला मी बाहेरचा रस्ता दाखवला असता. मॅडमनीही मान खाली घातली आणि आपल्या पद्धतीनं छातीवर खूण केली.

हात तोंडावरून फिरवून झाल्यावर बाबा म्हणाले, “मिसेस, तुम्ही उन्हाळ्यात जाता ना तिकडे?”

“जाते.”

“तर तिला सांगा. मी पळालो नाही. माणूस गाडी घेऊन आला होता.”

“सांगते,” मॅडम म्हणाल्या. “नक्की सांगते.”

बाबा मार्चमध्ये गावी परत गेले. त्या जुलैत मॅडम आयर्लंडला जाताना मुद्दाम वाट वाकडी करून लिव्हरपूलला उतरल्या. पोस्टमन त्यांना कब्रस्तानात घेऊन गेला. दगड लहान होता, त्यावर शेवाळ होतं. मॅडमनी ते खरवडलं, फुलं ठेवली आणि बाबांचा निरोप मोठ्यानं म्हटला. पोस्टमनला तो ऐकू गेला आणि त्यानं टोपी काढली, असं त्यांनी पत्रात लिहिलं होतं. मी ते पत्र फोनवरून बाबांना वाचून दाखवलं. ऐकून झाल्यावर ते म्हणाले : “खलास. आता बरां वाटलां.” ‘झालं, संपलं’ अशा अर्थाचं हे आखाती खलास ते आमच्याकडून शिकून गेले होते.

पुढे दोन वर्षांनी मॅडमचं इथलं बस्तान हललं. ट्रंका गेल्या, सोबत माझ्या टाइप केलेल्या नोंदी गेल्या. जाण्याआधी त्यांनी माझ्यासाठी एक शिफारसपत्र लिहिलं. त्यात होतं की ह्या बाईचे हात स्वच्छ आहेत आणि तिला विचारायला लाज वाटत नाही. त्या पत्रावर मला एका ऑफिसात जुन्या कागदांच्या विभागात नोकरी लागली. ती मी पुढे बरीच वर्षं केली. त्यांच्या गावच्या संग्रहालयात फोटो लागले तेव्हा त्यांनी माहितीपुस्तिका पाठवली. बर्फातल्या खलाशांच्या फोटोखाली दोन्ही नोंदी होत्या, आधी त्यांच्या वडिलांची, मग बाबांची, आणि बाबांचं नाव.

ती पुस्तिका गावी पोचली तोवर बाबा अंथरुणाला खिळले होते. जाऊबाईंनी त्यांना ती दाखवली. पुढे बाबा वारले आणि मी गावी गेले तेव्हा त्या मला म्हणाल्या, “आमच्यापाशी इतकी वर्षां राहिले, कदी एक शब्द नाय बोलले. तुझ्याशी कसे बोलले?”

माझ्यात काही विशेष नव्हतं, हे मी त्यांना खरंखरं सांगितलं. फोटो माझे नव्हते, आठवणी माझ्या नव्हत्या. मी फक्त चुकीचं लिहिलं होतं आणि त्यांना ते सहन झालं नाही.

त्या दुपारी आम्ही दोघी जावा बाबांच्या खोलीत बसून त्यांचे कपडे वेगळे काढत होतो. माझी मुलगी, आता दहा वर्षांची, अंगणात चुलतभावंडांना काहीतरी समजावून सांगत होती. मी खिडकीतून कान दिला. मोडकंतोडकं, पण आमच्याच बोलीत बोलत होती. बाबा आमच्याकडे राहिले त्या पाच महिन्यांबद्दल मी अल्लाचे आभार मानले आणि उरलेले सदरे घडी करायला घेतले.